टापटिपीचा चोर

४ मार्च

दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लिहायला ही डायरी आणली होती. ती कोरीच राहिली, कारण तिचं पहिलं पान उघडायच्या आतच दवाखाना बंद करावा लागला. हात थरथरणाऱ्या दंतवैद्यापुढे कोण तोंड उघडून बसेल? मीसुद्धा बसलो नसतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं जन्मभर भरलं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतच्या वेळेबद्दल.

आज जेवताना जाहीर करून टाकलं. एक मेपासून मी ज्येष्ठ-निवासात राहायला जाणार. माझा कंपाउंडर गेल्या वर्षीच तिकडे गेला. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून त्याने कापूस दिला, आता तिथे कॅरम खेळतो आणि फोनवर बागेचं कौतुक करतो. त्याच्या शेजारची खोली मी सांगून ठेवली आहे. इथं माझं काम काय? चिरंजीव लांब बंदरावरच्या गोदामात नोकरीला, शनिवारी येतात आणि रविवारी जातात. सूनबाईने औषधाच्या दुकानातली नोकरी सोडली आणि घरामागे विटांसाठी माती काढून झालेला जो खड्डा होता त्याचं तळं करून त्यात मासे सोडले. ती दिवसभर चिखलात, मी दिवसभर खुर्चीत. आणि खुर्चीतल्या माणसाला चहा द्यायला चिखलातल्या माणसाने हात धुऊन यायचं, हे मला बघवत नाही.

सूनबाई काहीच बोलली नाही. मला वाटलं होतं थोडं तरी अडवेल.

५ मार्च

आज न्याहारीला बशीत मेलेला मासा आला. शिजवलेला नव्हे, वर्तमानपत्रावर ठेवलेला. सूनबाई म्हणाली, बाबा, कुणीतरी माझे मासे खातंय. मत्स्यविभागाचा माणूस येऊन गेला, "पक्षीबिक्षी असेल" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तुम्ही जन्मभर दात बघितलेत, हे कुणाचे दात आहेत ते सांगा.

मी चष्मा लावला. पाठीवर एकच खोल भोक, सुरा खुपसावा तसं. हे दात नव्हेतच, चोच आहे, असं मी सांगितलं. कुणाची चोच, असं तिने विचारलं. आता हे मला कुठून ठाऊक असणार? पण 'माहीत नाही' हे शब्द दंतवैद्याच्या तोंडून सहसा निघत नाहीत. तळ्यावर एक जरी चोर शिल्लक असला तरी मी हे घर सोडणार नाही, असं मी आवेशात बोलून गेलो. तिने तिथल्या तिथे चिरंजीवांना फोन लावला आणि तेच वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

९ मार्च

बगळाच. राखाडी, लांब मानेचा, पिंडरीभर पाण्यात एका पायावर असा उभा की एखाद्याला वाटावं देवाचं नाव घेतोय. परवा सकाळी मी खुर्ची उचलून काठावर नेली आणि त्याचं ध्यान बघत बसलो. मान वाकडी झाली, खाली गेली, मासा वर आला. सारा प्रकार माझ्या दाढ उपटण्यापेक्षा सफाईने झाला, हे कबूल करायला हवं.

माझं निदान असं: हा पक्षी पोहत नाही, चालत पाण्यात उतरतो. तेव्हा त्याचा रस्ता बंद करायचा. जिथे काठ उतरता आहे तिथे तो खणून उभा करायचा आणि पाण्याच्या कडेने खुंट्या ठोकून पायाला अडेल एवढ्या उंचीवर दोरी बांधायची. उपचार दोन दिवस चालला. गाठी मला मारता येईनात. सूनबाई म्हणाली, तुम्ही दोरी ताणून धरा, गाठ मी मारते. ताणलेली दोरी थरथरत नाही, हे मला नव्यानेच कळलं.

बगळा आज आला, दोरीला अडखळला, दुसऱ्या बाजूने गेला, तिथेही अडखळला. मग आमच्या छपरावर बसून त्याने आमच्याकडे जो कटाक्ष टाकला, तसा कटाक्ष मी फक्त कवळी घट्ट बसल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या डोळ्यांत पाहिला आहे.

१४ मार्च

दुसरी केस. मोठ्या तळ्याशेजारी पिल्लांसाठी एक लहान टाकी आहे. त्यातली पिल्लं नाहीशी होताहेत, प्रेत नाही, रक्त नाही. मी काचेच्या बरणीत टाकीतलं पाणी घेतलं आणि भिंगाने बघत बसलो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं मनात आलं खरं, पण तासाभरात चोर सापडला. चतुराची अळी. हा नाजूक पंखांचा किडा लहानपणी पाण्यात राहतो आणि तेव्हा त्याचा खालचा जबडा घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो. पिल्लू जवळ आलं की जबडा सटकन पुढे! इतकी सुंदर जबड्याची रचना मी आयुष्यात पाहिली नव्हती. सूनबाईला बोलावून दाखवली. ती म्हणाली, छान आहे, आता मारू या का?

टाकी उपसली, घासली, येणाऱ्या पाण्याच्या तोंडाला दाट कापड बांधलं. नवी पिल्लं सोडायच्या आधी पाण्यावर तेल आणि साबणाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे हवा घ्यायला वर येणारे पाणकिडे मरतात. ही युक्ती सूनबाईची. औषधाच्या दुकानातली नोकरी वाया गेली नाही म्हणायची.

२८ मार्च

मध्ये लिहायला वेळच मिळाला नाही. तळ्याकाठचं गवत काढलं, दगडांचे ढीग हलवले, कारण त्यात दिवड राहत होती. बिनविषारी, पण मासा अख्खा गिळते आणि पुरावा ठेवत नाही. काठाभोवती बारीक जाळी अर्धी जमिनीत पुरली. रात्री झोप छान लागते. पाठ दुखते, तेवढंच.

६ एप्रिल

आजचा दिवस वाईट.

सकाळी पाणकावळे आले. एकटादुकटा नव्हे, अख्खं वऱ्हाड. काळेकुट्ट, चोचीला पुढे आकडा. हे बगळ्यासारखे काठाने चालत नाहीत, पोहतात आणि बुडी मारतात. दोरीचा काय उपयोग? सूनबाई थाळी वाजवत काठाने धावली. ते उडायचे, पलीकडे बसायचे. ती पलीकडे गेली की अलीकडे. जाताना जे मासे गिळता आले नाहीत ते तसेच टाकून गेले. एका कुशीवर आकड्याची तिकोनी खूण, दुसऱ्या कुशीवर खरवडलेलं. खूण अगदी नमुनेदार होती, पण मला ती बघायची इच्छा होईना.

ती काठावर बसून रडली. मी शेजारी उभा राहिलो. मला रुग्णांच्या रडण्याची सवय आहे, घरच्यांच्या रडण्याची नाही. शेवटी म्हणालो, "भूल उतरल्यावर बोलू." हे मी सगळ्यांनाच म्हणायचो. ती रडता रडता हसली. मग म्हणाली, "बाबा, नोकरी सोडली ते चुकलं का माझं?" मी म्हणालो, चुकलं नाही. मला नक्की ठाऊक नव्हतं, तरी म्हणालो.

८ एप्रिल

उपाय: तळ्यावर आडव्याउभ्या दोऱ्या ताणायच्या, म्हणजे पाणकावळ्याला उतरायला आणि उडायला जागा राहत नाही. दोऱ्यांना काहीतरी चमकणारं, हलणारं बांधायचं. आणि पाण्यात फांद्यांचे भारे बुडवून ठेवायचे, मासे त्यात लपतील.

चमकणारं काय, यावर मी बराच विचार केला आणि मग आठवलं. क्ष-किरण फिल्म! दवाखान्याच्या कपाटात खोकीच्या खोकी भरून पडली आहेत. दवाखान्याची किल्ली सूनबाईला दिली. कपाटातल्या बाकी वस्तू जपून हलव म्हटलं, विशेषतः दाखवायचा जबडा. शाळकरी मुलांना दात कसे घासायचे ते दाखवायला मी तो वापरत असे, मुलांच्याच मापाचा, बिजागरीने उघडमीट होणारा. वरच्या पुढच्या एका दाताचा कोपरा आधीच उडालेला आहे, आणखी पडायला नको. ती बराच वेळ आत होती.

११ एप्रिल

तळ्यावर आता निम्म्या गावाच्या दाढा टांगल्या आहेत. वाऱ्यावर फडफडतात आणि उन्हात चमकतात. पोस्टमन कुंपणापाशी थांबून बराच वेळ वर बघत होता. म्हणाला, ती तिसरी माझी अक्कलदाढ. ओळखली कशी, विचारलं. म्हणाला, तिने दिलेला त्रास विसरेन का?

पाणकावळे आले, दोनदा घिरट्या घातल्या आणि निघून गेले. सूनबाईने टाळी मागितली. मी दिली.

२६ एप्रिल

आज जाळं टाकून मासे तपासले. माझ्या अंगाखांद्यावर पाणी उडालं. एकाही माशाच्या अंगावर नवी जखम नाही. मासे अजून लहान आहेत, पण गुबगुबीत, तकतकीत. मी प्रत्येकाला खालून वरून पाहिलं. तळ्यावर एकही चोर शिल्लक नाही, असं मी जाहीर केलं आणि स्वतःवर फार खूश झालो.

सूनबाई मात्र खूश दिसली नाही. जाळं धूत बसली, धुतलेलंच पुन्हा धुतलं. हिला झालंय काय? रुग्ण बरा झाल्यावर नातेवाईक असं तोंड करत नाहीत.

संध्याकाळी बॅग काढली. कंपाउंडरचा फोन होता, खोलीला रंग दिलाय, खिडकीतून बाग दिसते म्हणाला. मी त्याला बगळ्याची, अळीची आणि पाणकावळ्यांची हकीकत सांगितली. तिथे तळं आहे का, विचारलं. नाही म्हणाला. कारंजं आहे.

बोलून झाल्यावर सूनबाईने त्याचा नंबर मागून घेतला. निवासात अंथरूण न्यायचं की तिथेच मिळतं, ते विचारते म्हणाली. मुलगी बारकाव्याची आहे. मी तिला तळ्याच्या दोऱ्या दर आठवड्याला ताणायला सांगितलं. एकटीला त्या ताणता यायच्या नाहीत, हे मला माहीत आहे.

२८ एप्रिल

चिरंजीव आले आणि गेले. येताना थर्माकोलचा डबा आणला होता, तो थेट फ्रीजमध्ये गेला. नवराबायको स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मी खोकून आत गेलो तर दोघंही गप्प. जाताना चिरंजीव मला नमस्कार करायचं विसरले. म्हटलं, अरे, एक तारखेला जाणार मी. तर म्हणाले, "बघू या की बाबा, काय काय होतं ते."

२९ एप्रिल

झालं! नवा चोर!

सकाळी सूनबाई धावत आली. हातात वर्तमानपत्र, त्यावर मासा. असला मासा मी आपल्या तळ्यात पाहिला नव्हता, चपटा, रुंद, चांदीसारखा. ती म्हणाली, तळ खोल आहे ना, हे अगदी खाली राहतात. अंग बर्फासारखं गार होतं. पहाटेच्या पाण्याचा गारवा असणार. कुशीवर चाव्याची खूण, आणि यावेळी दात, चोच नव्हे! गोलाकार, सलग, एकसारख्या दातांची कमान.

पण खरी गंमत पुढेच आहे. पोट सरळ रेषेत चिरलेलं आणि आतून पूर्ण साफ केलेलं. आतडी नाहीत, रक्ताचा थेंब नाही. पर नीट कापलेले. चोर म्हणावा तर इतका टापटिपीचा! माझ्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही इतकं स्वच्छ काम जमलेलं नाही.

अशा स्थितीत घर सोडणं म्हणजे रुग्णाला खुर्चीत उघड्या तोंडाने सोडून पळ काढणं. शिवाय शब्द दिलेला आहे. कंपाउंडरला फोन करून खोली थोडी थांबव म्हटलं. तो लगेच हो म्हणाला, कारणही विचारलं नाही.

३ मे

पाणमांजर असावं असा माझा पहिला अंदाज होता, म्हणजे ज्याला ऊद म्हणतात. पण उदाचे सुळे खोल रुतायला हवेत, ते इथे नाहीत. शिवाय त्याची विष्ठा काठावर सापडते, माशांच्या खवल्यांनी भरलेली. मी सगळा काठ वाकून तपासला. काही नाही. जाळी शाबूत, चिखलात पाऊल नाही. सापडल्या त्या फक्त सूनबाईच्या चपला.

कंपाउंडरने आपण होऊन फोन केला. निवासात कॅरमच्या सोंगट्या हरवल्या आहेत, राणी तर नाहीच. ग्रंथालयात जुनी मासिकं आहेत आणि त्यांतलीही शब्दकोडी कुणीतरी सोडवून ठेवलेली. आणि माझ्या खोलीपलीकडचे गृहस्थ असे घोरतात की भिंत हलते. "डॉक्टर, तुम्ही घाई करू नका," असं तीनदा म्हणाला. गेल्या आठवड्यापर्यंत तिथे स्वर्ग होता. जागा इतक्या लवकर बिघडतात कशा?

६ मे

आणखी एक मासा. तसाच चपटा, तसाच साफ, तशीच खूण. जवळ पडलेल्या गवतालासुद्धा रक्त नाही. पहाटेपासून मी काठावर खुर्ची टाकून बसलो होतो, चहा प्यायला आत आलो तेवढ्यात हा प्रकार घडला. चोर माझ्या पाळतीवर आहे, यात शंका नाही.

दुपारी जेवणात तळलेला मासा होता, उत्तम. आपल्या तळ्यातला का, असं विचारलं, तर म्हणाली, छे, आपले लहान आहेत अजून, हा तुमच्या चिरंजीवांनी बंदरावरून आणलेला. शेपटीकडचा अर्धाच होता. बाकीचा अर्धा कुठे गेला ते विचारणार होतो, पण चाव्याच्या विचारात राहून गेलं.

मत्स्यविभागाचा माणूस पुन्हा आला. मी त्याला सकाळचा मासा दाखवला. त्याने माशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने त्याला काहीतरी खूण केली, चहा ठेवू का असं विचारत असावी. "फार अवघड केस आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "हे तुम्हालाच बघावं लागेल." माणूस पहिल्यांदा वाटला होता त्यापेक्षा हुशार आहे.

९ मे, दुपार

आज मी जे केलं ते मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. साचा!

सकाळी तिसरा मासा मिळाला. त्याची खूण खोल होती. दवाखान्यातून प्लास्टर आणलं, वाटीत कालवलं. हात थरथरला आणि पहिल्या वेळी गुठळ्या झाल्या. दुसऱ्या वेळी वाटी टेबलाला टेकवून कालवलं, ते लोण्यासारखं झालं. खुणेत ओतलं, वाळू दिलं, काढलं. खिडकीपाशी नेऊन भिंग लावलं.

लहान कमान. सुळे बुटके. आणि वरच्या पुढच्या दाताचा एक कोपरा उडालेला.

हा दात मी ओळखतो. एका शाळेच्या कार्यक्रमात तो माझ्याच हातून फरशीवर पडला होता.

मी दवाखान्यात गेलो. कपाट उघडलं. दाखवायचा जबडा जागच्या जागी होता, धुऊन पुसून ठेवलेला. उघडून पाहिला. पुढचे दात लख्ख. पण सगळ्यात मागच्या दोन दाढांच्या फटीत एक खवला अडकलेला होता.

मी रुग्णांच्या खुर्चीत बसलो. आधी रागच आला. मी, इतक्या वर्षांचा अनुभव, आणि बाजारातल्या साफ केलेल्या माशापुढे भिंग घेऊन बसलो! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग एकेक आठवत गेलं. किल्ली. कंपाउंडरचा नंबर. थर्माकोलचा डबा. घोरणारा शेजारी. शेपटीकडचा अर्धा मासा. चिरंजीव नमस्कार न करता गेले ते. म्हणजे सगळेच सामील. पोस्टमनचं तेवढं नक्की सांगता येत नाही.

मी जाऊ नये म्हणून ही पोरगी मुलांच्या जबड्याने मासे चावत होती. माझ्या जाण्याबद्दल त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही, आणि मी ते मनाला लावून घेतलं होतं.

मला फार बरं वाटलं. थोडं रडूही आलं. दवाखान्यात कुणी नव्हतं, म्हणून रडून घेतलं. मग खवला चिमट्याने काढला आणि जबडा होता तसा परत ठेवला.

९ मे, संध्याकाळ

कंपाउंडरला फोन केला. खोली दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक म्हटलं. केस लांबणार आहे. तो हसायला लागला आणि थांबेचना. कॅरमची राणी सापडली का, असं विचारलं, तर म्हणाला, कधी हरवली होती? मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने फोन ठेवला.

१० मे

न्याहारीला सूनबाईने माझ्यासमोर चहा ठेवला आणि उभी राहिली. तिला दवाखान्यातली वाटी आणि प्लास्टर दिसलं असणार. रात्रभर झोपली नसावी, डोळ्यांवरून कळत होतं. साचा तिने पाहिला नव्हता, तो माझ्या खिशात होता.

"काही कळलं का बाबा?" तिने विचारलं.

मी सावकाश चहा प्यालो. मग निदान सांगितलं. चोर सापडलेला नाही. सापडेल असंही वाटत नाही. घराजवळच राहणारा आहे, नुकसान फारसं करत नाही, पण त्याच्यावर सतत नजर ठेवावी लागेल. हे वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि दोऱ्याही दर आठवड्याला ताणायला हव्यात. तेव्हा मी काही जात नाही. बॅग माळ्यावर टाक.

ती नुसती मान डोलावत राहिली. कपबशी उचलून स्वयंपाकघराकडे वळली. दारापर्यंत पोचू दिली आणि मग म्हणालो,

"आणि एक. घासताना मागच्या दाढा राहतात तुझ्या."

ती दारात थांबली. पाठमोरीच होती. आधी खांदे हलले, मग कपबशी वाजायला लागली, मग ती तिथेच खाली बसली आणि हसता हसता रडली की रडता रडता हसली, ते मला नीट सांगता येणार नाही. भूल उतरल्यावर बोलू म्हटलं आणि मी चपला घालून तळ्यावर गेलो. काल वारा होता, दोऱ्या सैल पडल्या होत्या. एक टोक धरून तिची वाट पाहत उभा राहिलो. गाठ तिलाच मारायची होती.